मधलं पान उघड

मावशीने घर आवरायला काढलं तेव्हा फोनवर एवढंच म्हणाली, "फ्रेंचचं कपाट रिकामं करतेय. तू येऊन पाच पुस्तकं घेऊन जा. पाचच हं. बाकीची शिकणाऱ्या मुलांना देणार आहे."

तिने पुण्यातल्या एका कॉलेजात तीस वर्षं फ्रेंच शिकवलं. मी बेचाळिसाव्या वर्षी संध्याकाळच्या वर्गाला जायला लागले आणि मागच्या डिसेंबरात बी-वनची परीक्षा पास झाले. सहा पायऱ्यांमधली ही तिसरी. म्हणजे रस्ता विचारता येतो, डॉक्टरला दुखणं सांगता येतं, पानभर पत्र लिहिता येतं. पुस्तक मात्र एकही शेवटपर्यंत वाचून झालेलं नव्हतं. चार सुरू केली, चारही अर्ध्यात राहिली, आणि ते मनाला लागून राहिलं होतं.

शनिवारी दुपारी गेले. फ्रेंच पुस्तकांच्या कपाटापुढे उभं राहिलं की मान डावीकडे कलते, कारण पुस्तकाच्या पाठीवरचं नाव खालून वर छापलेलं असतं. इंग्रजीचं वरून खाली. मावशीकडे दोन्ही शेजारी शेजारी लावलेली, त्यामुळे अर्धा तास मान इकडून तिकडे करत मी पाच काढली आणि जेवणाच्या टेबलावर आणून ठेवली. ज्यूल व्हर्नची समुद्राखालच्या वीस हजार कोसांची कादंबरी, सँतेग्झ्युपेरीचं 'ल प्ती प्रँस', आल्बेर काम्यूचं 'लेत्रांजे', गोसिनी आणि सांपे यांचं 'ल प्ती निकोला', आणि प्रूस्तच्या महाकादंबरीचा पहिला खंड.

मावशी चहा घेऊन आली. ढीग बघून म्हणाली, "ही वाचायला काढलीस की घरात ठेवायला?"

"वाचायला."

"मग बस. एकेक बघू."

प्रूस्त तिने उघडलाही नाही, बाजूला सारला. "याचं वाक्य संपेपर्यंत ते सुरू कुठून झालं होतं हे विसरायला होतं. मलाही होतं. दहा वर्षांनी घे." यावर मी वाद घातला नाही. वाद सुरू झाला तो व्हर्नवरून.

"मावशी, हे मी सोडणार नाही. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला व्हर्न मी चौथीत वाचला. ही मूळची भाषा आपल्याला यावी, असं पहिल्यांदा मनात आलं ते तेव्हा. ज्याच्यामुळे शिकले, त्याचंच पुस्तक वाचायचं नाही?"

"वाच की. पण आत्ता वाचता येईल का, ते आधी बघ. उघड. अं हं, पहिलं पान नको. पहिलं पान प्रत्येक लेखक वाचकाला आत घ्यायला लिहितो. मधलं उघड. आणि अनोळखी शब्द आला की एक बोट मिट."

मी मधलं पान उघडलं. नॉटिलस पाणबुडीच्या काचेतून प्राध्यापक आरोनाक्स आणि त्याचा नोकर कोंसेय समुद्र पाहत होते. पहिल्या सहा ओळींत माझी पाचही बोटं मिटली. पुढे मोजायला हात पुरले नाहीत. मासे होते सगळे. त्यांचे पर, त्यांचे खवले, त्यांची कुळं, आणि प्रत्येकाचं वेगळं नाव.

"मराठीत तरी किती मासे ओळखतेस?" मावशीने विचारलं. "सुरमई, पापलेट, बांगडा, बोंबील. कोकणातली असतीस तर आणखी वीस. इथं पानंच्या पानं मासे आहेत, आणि तेही १८७० सालच्या पुस्तकातले. तुला आठवतेय ती गोष्ट. नेमो, ती पाणबुडी, तो राक्षसी अष्टपाद. गोष्ट आठवते म्हणून पुस्तक वाचता येईल असं नाही."

"पण पाच बोटं हा काय हिशोब झाला?"

"हिशोबच आहे तो. भाषा शिकवणाऱ्यांनी यावर अभ्यास केलेत. आधाराशिवाय नीट समजायचं तर शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे लागतात, असा त्यातला एक अंदाज. खिशात मावणाऱ्या पुस्तकाच्या पानावर अडीचशे-तीनशे शब्द असतात. त्यातले दोन टक्के किती? पाच-सहा. म्हणून एक पान, एक हात."

मी म्हणाले, "मोबाइलवर बोट ठेवलं की शब्दाचा अर्थ लगेच येतो. तुझ्या वेळी शब्दकोश उघडावा लागायचा. आता तो हिशोब कशाला?"

"पानात पंधरा वेळा बोट ठेवशील तर वाचलंस कधी? विहीर खणायला घेतल्यासारखं होतं ते, पाणी दिसायच्या आत माणूस थकतो. एकदा आलेला शब्द सोडून द्यायचा. तोच तिसऱ्यांदा आला की बघायचा. तिसऱ्यांदा येतोय म्हणजे त्याला तुझ्याशी काम आहे."

मग तिने त्याच पानावरच्या क्रियापदांवर पेन्सिल टेकवली. वर्गात आम्ही जो भूतकाळ शिकलो, दोन शब्दांचा, तो तिथे जवळपास नव्हताच. होता तो दुसराच, पासे सँप्ल, फक्त लिहिण्यात उरलेला.

"आपल्याकडे पोथीत असतं ना, 'राजा बोलता झाला', 'राणी म्हणती झाली'? भाजीवाल्याशी आपण तसं बोलत नाही. त्यांचंही तसंच. फ्रेंच माणूस हा भूतकाळ तोंडाने बोलत नाही. फरक इतकाच की आपल्या कादंबरीतून 'बोलता झाला' गेलं, त्यांच्या कादंबरीत हा अजून ठाण मांडून बसलाय. आणि तो फसवतो. हे बघ, 'इल व्ही'. अर्थ सांग."

"तो जगतो."

"इथं नाही. इथं 'तो पाहता झाला'. अक्षरं तीच. 'इल फ्यू' म्हणजे झाला, 'इल फी' म्हणजे केलं. मध्ये एका अक्षराचा फरक. बोलण्याच्या वर्गात याची तोंडओळख करून देतात आणि पुढे जातात, कारण बोलायला लागत नाही. मग विद्यार्थी पहिली कादंबरी उघडतो आणि त्याला वाटतं, दोन वर्षं आपण शिकलो तरी काय?"

मला नेमकं हेच वाटलं होतं. चारही वेळा.

मी व्हर्न हातात घेऊन शेवटचं पान उलटलं. मावशीची एक सवय आम्हाला लहानपणापासून माहीत आहे. पुस्तक संपलं की शेवटच्या पानावर, खाली, पेन्सिलीने ती तारीख लिहिते. व्हर्नच्या शेवटच्या पानावर काही नव्हतं.

"हे तू..."

"नाही संपवलं. विशीत होते. हट्टाने घेतलं आणि साठाव्या पानावर सोडलं. त्यानंतर आठ महिने एकाही फ्रेंच पुस्तकाला हात लावला नाही. पुस्तक चुकीचं निवडलं असं तेव्हा कोणी सांगितलं नाही गं. आपल्याला भाषाच येत नाही, असं वाटत राहिलं." ती जरा थांबली. "पुढे तीस वर्षं मी हेच पाहिलं. अकरावी-बारावीला मार्क मिळतात म्हणून ढिगाने मुलं फ्रेंच घेतात. त्यातली थोडी प्रेमात पडून पुढे येतात. आणि त्यांतलीही बरीचशी पहिल्याच पुस्तकाला अडखळून वाचायचं सोडतात. हुशार मुलं. पुस्तक चुकतं आणि शिक्षा त्यांना होते. म्हणून मी बोटं मोजायला लावते."

व्हर्न मी आपण होऊनच ढिगातून काढला.

"मग मुलांचं पुस्तक घेते," मी म्हणाले आणि 'ल प्ती निकोला' पुढे केलं. "१९६० साली आलेलं, शाळकरी मुलाच्या तोंडचं. याहून सोपं काय असणार?"

"मुलांचं ते सोपं, हे तुला कोणी सांगितलं?"

"मुलांना कळतं ते मला कळेल ना!"

"फ्रेंच मुलांना कळतं. ती सहा वर्षं त्या घरात, त्या स्वयंपाकघरात वाढलेली असतात. तू कुठे वाढलीस? तुझ्याकडे फ्रेंचचे शब्द आले कुठून ते बघ. अर्धे आले इंग्रजीच्या दारातून. 'लिबेर्ते', 'इमाजिनास्यों', 'आदमिनिस्त्रास्यों' हे तुला न शिकवता कळतात. उद्या वर्तमानपत्रातला अग्रलेख दिला तर रडतखडत का होईना वाचशील. पण 'शुशोते' म्हणजे कुजबुजणं, 'ग्रिन्योते' म्हणजे कुरतडणं, 'रनीफ्ले' म्हणजे नाक ओढणं, 'ब्वाते' म्हणजे लंगडणं, हे कुठल्या दारातून येणार? मुलांच्या पुस्तकात तर हेच भरलेलं असतं. आपलंच घे. एखादा परदेशी माणूस संस्कृत शिकून मराठीकडे आला तर 'न्यायव्यवस्था' आणि 'लोकप्रतिनिधी' त्याला कळेल. आई मुलाला म्हणाली, 'चुळबूळ करू नकोस, नाक शिंकर', की तो तिथेच थांबेल."

हे मात्र माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. वर्गातले सगळेच आम्ही लहान मुलांच्या पुस्तकांकडे धावत होतो, आणि ती कळली नाहीत की दुप्पट लाजत होतो.

तरी मी पुस्तक खाली ठेवलं नाही. "यातली एक गोष्ट मी वाचलीय. सात-आठ पानांची. मला हसू आलं. परक्या भाषेत हसू येणं याची तुला किंमत नाही?"

"आहे. कशाला हसलीस?"

"चित्राला. आणि त्या देखरेखीच्या मास्तरला मुलं 'ल बुय्यों' म्हणतात, त्याला. बुय्यों म्हणजे सूप, एवढं माहीत होतं. मास्तरला सूप म्हणतात याचंच हसू आलं."

"सूप का म्हणतात?"

मला सांगता आलं नाही. मावशीने चहाचा कप बाजूला केला. "तो मास्तर सारखा म्हणत असतो, माझ्या डोळ्यांत बघ. आता रस्सा डोळ्यापुढे आण. वर तेलाचा तवंग येतो, त्याचे बारीक गोल गोल ठिपके तरंगतात ना? फ्रेंचमध्ये त्या ठिपक्यांना 'डोळे' म्हणतात. रश्श्याला डोळे असतात, म्हणून मास्तर रस्सा. फ्रेंच मुलाला हे कोणी समजावत नाही, त्याने ताटात रोज पाहिलेलं असतं."

मी म्हणाले, "पण आता मी हे मरेपर्यंत विसरणार नाही. तुझ्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांत हे कुठे बसतं? जो शब्द अडला, तोच लक्षात राहिला."

मावशी हसली. "बरं, निकोला घे. पण आठवड्याला एक गोष्ट. पोट भरायला नाही, तोंडी लावायला."

'ल प्ती प्रँस'वर तिचा आक्षेप वेगळा होता. हे पुस्तक प्रत्येक वर्गात, प्रत्येक यादीत पहिलं असतं. १९४३ साली आधी न्यूयॉर्कमध्ये छापलं गेलं, फ्रान्समध्ये आलं ते १९४६ साली. "बारीक आहे, चित्रं आहेत, म्हणून सगळे देतात," ती म्हणाली. "भूतकाळ तोच पोथीतला. आणि सगळ्यांनी आधी इंग्रजीत वाचलेलं असतं, त्यामुळे फ्रेंच वाचतोय असं नुसतं वाटतं. प्रत्यक्षात आठवत असतात."

इथे मात्र माझ्याकडे उत्तर होतं. पुस्तक उघडून मी तिला आठवं आणि नववं प्रकरण दाखवलं.

"इंग्रजीत मी हे दोनदा वाचलं होतं. गुलाबाचं फूल उगवतं, नखरे करतं, राजपुत्र त्याची सेवा करतो, शेवटी कंटाळून ग्रह सोडून निघतो. इंग्रजीत दोघं एकमेकांना 'यू' म्हणतात, दुसरं काही म्हणायची सोयच नाही. फ्रेंचमध्ये बघ. फूल त्याला 'व्हू' म्हणतं, तोही फुलाला 'व्हू' म्हणतो. तुम्ही. मला झाकून ठेवा, मला वारा लागतो, सगळं 'तुम्ही'त. आणि नवव्या प्रकरणात तो निरोप घ्यायला येतो, तेव्हा फूल क्षमा मागतं आणि एकदम 'त्यू'वर येतं. तू. आपलं त्याच्यावर प्रेम आहे हे ते 'तू'मध्ये सांगतं. तोवर तो निघालेला असतो. मावशी, हे वाचून मला रडू आलं. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आजीने आजोबांना जन्मभर 'अहो' म्हटलं, आणि शेवटच्या आजारपणात एकदा 'तू' म्हणाली, ते आपल्या घरात अजून सगळ्यांना आठवतं."

मावशीने ती दोन पानं सावकाश वाचली.

"आणि हे मला दिसलं," मी म्हणाले, "ते गोष्ट आधी माहीत होती म्हणून. पुढे काय होणार याची चिंता नव्हती, सगळं लक्ष शब्दांवर होतं. त्यामुळे भाषांतर आधी वाचलं तर बिघडतं, हे मला पटत नाही."

"मग दहाव्या प्रकरणात सोडलंस का?"

मी गप्प झाले.  माझी खूण तिने पाहिलेली नव्हती, पण प्रश्न बरोबर लागला होता. माझ्या घरची प्रत दहाव्या प्रकरणाशी दुमडलेली आहे.

"पुढची गोष्ट माहीत होती," मी म्हणाले.

"तेच. माहीत असलेली गोष्ट हात धरते, पण पुढे ओढत नाही. एक तसं हवं आणि एक ओढणारं हवं." तिने पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "हे घे. ते 'तू' मी वर्गात कधी दाखवलं नाही. दाखवायला हवं होतं."

काम्यूबद्दल फार बोलणं झालं नाही. १९४२ सालचं 'लेत्रांजे' बोलीतल्या भूतकाळात लिहिलेलं आहे, वाक्यं आखूड आहेत, एकेक वाक्य बेटासारखं सुटं आहे असं सार्त्रने त्यावर लिहिलं होतं. शिकणाऱ्याला ते सोपं जातं हे खरं. पण पहिल्या भागाच्या शेवटी, समुद्रकाठच्या उन्हात, भाषा एकदम दाट होते. आणि मुख्य म्हणजे प्रत्येक वाक्य कळूनही माणूस कळत नाही. "वाक्यं सोपी असणं निराळं आणि पुस्तक सोपं असणं निराळं," मावशी म्हणाली, आणि यावर आमचं एकमत होतं.

"मग निवडायचं तरी कसं?" मी जरा वैतागूनच विचारलं. "मोबाइलवर मोपासाँ फुकट आहे, दोदे फुकट आहे, ह्यूगो फुकट आहे."

"फुकट आहेत, कारण ते सगळे एकोणिसाव्या शतकातले आहेत. हक्क संपले की फुकट होतात. मोपासाँ छान आहे, छोट्या कथा आहेत, पुढच्या वर्षी वाच. पण फुकट मिळतं म्हणून घोडागाडीचे भाग आणि पोशाखांचे प्रकार पाठ करत बसलीस, तर आजची भाषा केव्हा वाचणार?"

मग ती उठली आणि कपाटातून तीन बारीक पुस्तकं घेऊन आली. जाडी बघूनच मला बरं वाटलं. तेही महत्त्वाचं आहे, ती म्हणाली. पहिलं पुस्तक दीडशे पानांच्या आतलं असावं.

पहिलं होतं आगोता क्रिस्टोफचं 'लानाल्फाबेत'. निरक्षर बाई. ही मूळची हंगेरीची. १९५६ साली चार महिन्यांचं मूल घेऊन सीमा ओलांडून निघाली, स्वित्झर्लंडमध्ये नशातेलला पोहोचली, घड्याळांच्या कारखान्यात कामाला लागली. फ्रेंच बोलायला शिकली कारखान्यात, वाचायला शिकली त्यानंतर काही वर्षांनी. आणि त्याच भाषेत कादंबऱ्या लिहिल्या. हे पुस्तक तिच्या आयुष्याचं, अकरा लहान प्रकरणांचं.

"म्हणजे ही आपल्यासारखीच. शिकणारी," मी म्हणाले.

"शिकणारीच. फ्रेंचला ती शत्रूची भाषा म्हणते, कारण त्या भाषेने तिची मातृभाषा मारत आणली. तिची वाक्यं एवढी साधी का आहेत, ते हे वाचलं की कळतं. तिची मोठी कादंबरी, 'ल ग्राँ काये', वर्तमानकाळात आहे, दोन-तीन पानांची प्रकरणं आहेत. व्याकरणाने तुला आजही वाचता येईल. पण युद्धातली क्रूरता त्यात उघडीवाघडी आहे. रात्री एकटी वाचू नकोस."

दुसरं सिमनोंचं 'ल शियँ झोन', पिवळा कुत्रा. १९३१ सालची, मेग्रे या पोलीस अधिकाऱ्याची कादंबरी. मावशीने शेवटचं पान उघडून दाखवलं. तारीख होती १९८२ सालातली.

"हे माझं पहिलं संपवलेलं पुस्तक. मुंबईला फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर मिळालं. व्हर्ननंतरचे ते आठ महिने याने संपवले. ब्रिटनीतल्या कोंकार्नो बंदरात वादळाची रात्र आहे, एक माणूस सिगार पेटवायला रिकाम्या घराच्या दारात थांबतो आणि गोळी लागून पडतो. सुरुवात वर्तमानकाळात आहे. पोथीतला भूतकाळ येतो तोवर तू त्या गावात शिरलेली असतेस, मग परत फिरवत नाही. संवादात अवतरणचिन्हं शोधू नकोस, प्रत्येक बोलण्याआधी नुसती आडवी रेघ असते. कोण बोलतंय ते सुरुवातीला हरवतं, दहा पानांनी सापडतं."

सिमनों बेल्जियमचा, लिएजचा. तरुणपणी कथा घेऊन कोलेत या लेखिकेकडे जायचा आणि ती परत पाठवायची, यातलं साहित्य काढून टाक म्हणून. त्याने तो सल्ला जन्मभर पाळला. शब्द मुद्दाम थोडे वापरले. मेग्रेच्या पंचाहत्तर कादंबऱ्या आहेत, आणि त्यांत तोच पाइप, तीच कचेरीतली शेगडी, तीच बिअर, तोच पाऊस. मावशीचं म्हणणं, एका लेखकाची तीन पुस्तकं पाठोपाठ वाचावीत. पहिल्यात शब्द अडतात, दुसऱ्यात ओळख देतात, तिसऱ्यात दिसेनासे होतात.

इतकं सगळं ऐकल्यावरही माझ्या मनातली एक गोष्ट जात नव्हती, ती मी बोलून टाकली. "मावशी, तू सांगतेस ते सगळं भूतकाळ कुठला, वाक्य केवढं, पानं किती. हे पथ्याच्या जेवणासारखं झालं. माणूस पुस्तक वाचतो तो ओढीने. व्हर्नची मला ओढ आहे. ओढ मोजायला तुझ्याकडे बोट नाही."

तिने उत्तर दिलं नाही. तिसरं पुस्तक माझ्यापुढे ठेवलं. अनी एर्नो, 'ला प्लास'. "मधलं पान उघड."

मी उघडलं, आणि वाचत गेले. चार बोटं मिटली. पुढचं पान वाचलं. त्याच्या पुढचं. मग सुरुवातीला आले. एक तरुण मुलगी ल्योंमध्ये शिक्षिकेची परीक्षा पास होते, आणि बरोबर दोन महिन्यांनी तिचे वडील जातात. वडिलांचं नॉर्मंडीत इव्हतो नावाच्या गावी कॅफे आणि किराण्याचं दुकान. आजोबा शेतावर गाडी हाकणारे, त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगी शिकते आणि घरापासून लांब जाते. वडिलांची गावाकडची बोली ती दुरुस्त करू लागते, आणि घरात पैशापेक्षा भाषेवरून जास्त दुखावलं जातं. हे सगळं तिने घरी खुशालीचं पत्र लिहावं तशा सपाट भाषेत लिहिलंय. बोलीतला भूतकाळ, आखूड वाक्यं, एकही अलंकार नाही. १९८४ साली रनोदो पुरस्कार मिळालेलं पुस्तक आहे हे. बाईंना नोबेल मिळालं ते २०२२ साली.

शेवटच्या पानावर तारीख होती : १२ जुलै १९८७. त्याच्या वर एक दिवस आधीची तारीख, 'सुरू' असं लिहिलेली.

"दोन दिवसांत?"

"दोन रात्रींत."

आमचे आजोबा, आईचे आणि मावशीचे अण्णा, जळगावकडचे. घरात अहिराणी बोलायचे. मावशी शिकायला पुण्याला आली, सुट्टीत घरी गेली की त्यांचं बोलणं सुधारायची, पाहुण्यांसमोरसुद्धा. पुढे पुढे आजोबा तिच्याशी कमी बोलायला लागले, हे आईने मला सांगितलं होतं. मावशीने कधीच सांगितलं नव्हतं. आजोबा गेले ते १९८६ साली.

"मग हे तू भूतकाळ बघून निवडलं होतंस?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "पण भूतकाळ तो दुसरा असता तर मला ते तेव्हा वाचता आलं नसतं. आणि अण्णा गेल्यावर एक वर्षाच्या आत ते वाचायची मला फार गरज होती. तू म्हणतेस ती ओढ खरी आहे गं. मी मुलांना बोटं मोजायला शिकवलं, कारण ते शिकवता येतं. ओढ ज्याची त्याने आणायची."

मी पाच पुस्तकं पिशवीत भरली : 'ला प्लास', पिवळा कुत्रा, 'लानाल्फाबेत', राजपुत्र, आणि तोंडी लावायला निकोला. काम्यू आणि प्रूस्त मुलांच्या खोक्यात गेले. व्हर्न मात्र तिने खोक्यात टाकला नाही, रिकाम्या फळीवर परत ठेवला. तुझा म्हणून ठेवलाय, म्हणाली, वर्ष-दोन वर्षांनी घेऊन जा.

घरी आल्यावर 'ला प्लास' सुरुवातीपासून घेतलं. रात्री जेवणं झाल्यावर पाच-सहा पानं, कधी दोनच. तिसऱ्यांदा आलेले शब्द तेवढे पाहिले. त्यांची वही एकोणचाळीस शब्दांची झाली. एकोणीस दिवसांत पुस्तक संपलं. मावशीच्या तारखेखाली मी माझी तारीख लिहिली.